ब्रह्मदेश व थायलंड यांची कठीण लाकडाची निर्यात

ब्रह्मदेश (आजचा म्यानमार) आणि थायलंड (पूर्वीचा सयाम) हे आग्नेय आशियातील शेजारी देश एकोणिसाव्या शतकापासून कठीण लाकडाचे, विशेषतः सागवानाचे, निर्यातदार म्हणून ओळखले जातात. साधारण दीडशे वर्षे सागवानाच्या निर्यातीत ब्रह्मदेश पुढे व थायलंड त्याच्या मागे असा क्रम होता. १९८९ साली थायलंडने नैसर्गिक वनांतील व्यापारी वृक्षतोड बंद केली आणि २०१४ साली म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबविली. आज एकूण कठीण लाकडाचा विचार केल्यास क्रम उलटा झालेला दिसतो. मात्र थायलंडहून जाणारे लाकूड सागाचे नसून मुख्यत्वे रबराच्या झाडाचे असते. या व्यापाराचा मुंबईशी व रत्नागिरीशी जवळचा संबंध आहे.

संज्ञा

वनस्पतिशास्त्रात 'कठीण लाकूड' ही संज्ञा लाकडाच्या कठीणपणावरून आलेली नाही. आवृतबीज, म्हणजे रुंद पानांच्या, वृक्षांचे लाकूड ते कठीण आणि देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे ते मृदू, असे हे वर्गीकरण आहे. त्यामुळे साग, जांभा, बिबळा यांच्या पंक्तीत सावरीसारखे हलके लाकूडही बसते, आणि रबराचे झाडही. दोन देशांची तुलना करताना ही व्याख्या लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण 'साग' व 'कठीण लाकूड' ही दोन मोजमापे या बाबतीत परस्परविरुद्ध उत्तरे देतात.

सागाची नैसर्गिक वने जगात भारत, म्यानमार, थायलंड व लाओस या चारच देशांत आहेत. जावा बेटावरील साग फार पूर्वी माणसाने नेऊन लावलेला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१० च्या पाहणीनुसार या चार देशांतील नैसर्गिक सागवनांचे क्षेत्र सुमारे २ कोटी ९० लाख हेक्टर होते व त्यातील जवळजवळ निम्मे एकट्या म्यानमारमध्ये होते. सागाच्या अंतःकाष्ठात नैसर्गिक तेल असते. ते लाकूड वाळवी व पाणी यांना दाद देत नाही, उन्हापावसात फारसे वाकत नाही व त्यात ठोकलेला खिळा सहसा गंजत नाही. जहाजबांधणीत त्याला जी किंमत आली ती या गुणांमुळे.

पार्श्वभूमी : मलबारकडून मौलमीनकडे

ब्रह्मदेशाचा साग बाजारात येण्यापूर्वी पश्चिम भारताची गरज मलबार, कारवार व कोकण येथील वनांतून भागत असे. मराठ्यांच्या आरमारासाठी लागणाऱ्या सागाची चिंता रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसते. स्वराज्यातील साग परवानगीने तोडावा व कमी पडेल तो परमुलखातून विकत आणावा, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. आंब्या-फणसासारखी रयतेची झाडे तोडू नयेत, ही प्रसिद्ध ताकीदही त्याच प्रकरणातील होय.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागाची जहाजे बांधली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या वंशजांच्या देखरेखीखाली बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली व ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जतन केलेली आहे. परंतु ही मागणी मलबारच्या वनांना पेलली नाही. १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांना निलंबूर येथे सागाची लागवड सुरू करावी लागली. तयार साग हवा असल्यास तो अन्यत्र शोधणे भाग होते.

१८२६ च्या यांदाबोच्या तहाने तेनासरीम व आराकान हे प्रांत ईस्ट इंडिया कंपनीकडे आले आणि सालवीन नदीच्या मुखावरील मौलमीन हे सागाचे बंदर बनले. तोडीवर परिणामकारक बंधन नसल्याने तेनासरीमची वने दोन-तीन दशकांतच विरळ झाली. १८५२ च्या दुसऱ्या युद्धानंतर पेगू प्रांत ब्रिटिशांकडे आला, तेव्हा हा अनुभव ताजा होता. १८५६ साली डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची पेगूच्या वनांवर अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढे १८६४ साली तेच हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले.

ब्रँडिस यांनी घालून दिलेली निवडक तोडीची पद्धत ब्रह्मदेशात आजतागायत, निदान कागदोपत्री, चालू आहे. वनाचे भाग पाडून प्रत्येक भागात ३० वर्षांतून एकदाच तोड करावयाची व ठरावीक घेराहून मोठीच झाडे घ्यावयाची, असे तिचे स्वरूप आहे. चांगल्या आर्द्र वनात छातीच्या उंचीवर घेर ७ फूट ६ इंच भरल्याखेरीज झाड तोडीस पात्र ठरत नाही. तुलनेने इतक्या दीर्घ काळ ब्रह्मदेशाला निर्यात करता आली, यामागे या शिस्तीचा वाटा मोठा आहे.

तोड व वाहतूक

दोन्ही देशांत कामाची रीत सारखीच होती. हिरव्या सागाचा ओंडका पाण्यात बुडतो. म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती साल व रसकाष्ठ कापून वलय पाडत आणि झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळू देत. त्यानंतर ते पाडून हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढून नेत व पावसाळ्यातील पुराची वाट पाहत. मोठ्या नदीत ओंडके पोहोचले की त्यांचे तराफे बांधले जात. ब्रह्मदेशात हे तराफे इरावती व सित्तांग या नद्यांच्या मार्गाने रंगूनकडे येत. सयाममध्ये पिंग, वांग, योम व नान या नद्या चाओ फ्राया नदीत मिळतात, त्या मार्गाने ते बँकॉकला येत. एखादे साल कोरडे गेले तर ओंडके ओढ्यातच पडून राहत. वलय पाडल्यापासून गिरणीत पोहोचेपर्यंत पाच-सहा वर्षे सहज जात. म्हणून कोणत्याही एका वर्षाच्या निर्यातीचा आकडा त्या वर्षीची तोड दाखवीत नाही; त्यात काही वर्षांपूर्वीची तोड आणि त्या वर्षीचा पाऊस मिसळलेला असतो.

मुंबईची कंपनी व मंडालेचा राजा

१८६३ साली वॉलेस बंधू या स्कॉटिश व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. तिने राजा मिंदोन याच्याकडून उत्तर ब्रह्मदेशातील वनांचे पट्टे मिळविले. ब्रह्मदेशात साग ही राजाची मालमत्ता मानली जाई व पट्ट्यांचे उत्पन्न थेट दरबाराकडे जाई. मिंदोनच्या मागून थिबा गादीवर आला. कंपनीने नेलेल्या ओंडक्यांपैकी पुष्कळांवरील कर चुकविला, असा ठपका ठेवून १८८५ साली मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रेंचांचे वाढते वजन हेही ब्रिटिशांच्या चिंतेचे कारण होतेच. पण युद्धास निमित्त झाले ते या दंडाचे. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडले व १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला.

थिबाला प्रथम मद्रासला व नंतर १८८६ सालीच रत्नागिरीला आणून ठेवण्यात आले. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० साली राहावयास गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच मरण पावला. सागाच्या ओंडक्यांवरून ज्याचे राज्य गेले, त्याच्या नजरकैदेच्या वाड्यातही सागवान भरपूर वापरलेले आहे. हा वाडा आज 'थिबा राजवाडा' म्हणून पाहावयास मिळतो.

बॉम्बे बर्मा कंपनी १८८० च्या दशकात सयाममध्येही उतरली. एकाच कंपनीने दोन्ही देशांत व्यापार केल्याने त्यांच्या निर्यातीची तुलना काही अंशी एकाच कार्यालयाच्या दोन खातेवह्यांची तुलना ठरते. स्वातंत्र्योत्तर ब्रह्मदेशात वनांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर कंपनी तेथून बाहेर पडली. आज ती वाडिया उद्योगसमूहाकडे आहे व तिचा मुख्य व्यवसाय साग राहिलेला नाही.

सयामचा मार्ग

सयाम पारतंत्र्यात गेला नाही, तरी त्याच्या वनांवर परकीयांचा ताबा कमी नव्हता. १८५५ च्या बाउरिंग तहानंतर व्यापार खुला झाला. चिआंग माई, लांपांग, फ्रे, नान येथील सागवने तेथील मांडलिक राजांच्या हाती होती व तेच एकच वन दोघादोघांना पट्ट्याने देत. यातून उद्‌भवलेल्या तंट्यांमुळे ब्रिटन व सयाम यांच्यात १८७४ व १८८३ साली चिआंग माईविषयी करार झाले. १८९६ साली बँकॉकच्या सरकारने वनखाते स्थापन केले आणि त्याच्या प्रमुखपदी ब्रह्मदेशातील वनखात्याचा अनुभव असलेल्या हर्बर्ट स्लेड या इंग्रज अधिकाऱ्यास नेमले. वने मांडलिकांकडून सरकारकडे आली. पट्ट्यांची मुदत वाढत गेली. परंतु पट्टे घेणाऱ्यांत बॉम्बे बर्मा, बोर्निओ कंपनी, डेन्मार्कची ईस्ट आशियाटिक कंपनी असे युरोपीय व्यापारीच प्रबळ राहिले.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी तांदूळ, कथील, साग व रबर ही सयामची चार प्रमुख निर्यातद्रव्ये होती, तर ब्रह्मदेशाच्या निर्यातीत तांदूळ व खनिज तेलाच्या मागोमाग साग येई. साग दोन्ही अर्थव्यवस्थांत महत्त्वाचा असला तरी तो परिमाणाने ब्रह्मदेशातूनच अधिक जाई. सयामच्या भरभराटीच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातही हे प्रमाण बदलले नाही.

आकड्यांची विश्वासार्हता

जुने आकडे शेजारी-शेजारी ठेवून काढलेले निष्कर्ष पुष्कळदा चुकतात. त्याची कारणे तीन.

पहिले, बंदर व वन एकाच देशात असतेच असे नाही. सालवीन व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातील सयामी साग एकोणिसाव्या शतकात खाली वाहत मौलमीनला येई आणि तेथूनच जहाजात चढे. नोंद होई ती ब्रह्मदेशाच्या निर्यातीत. त्या काळातील मौलमीनच्या आकड्यांचा काही भाग वस्तुतः सयामचा आहे. शंभर वर्षांनंतर याच्या नेमके उलट घडले. ते पुढे आले आहे.

दुसरे कारण राजकीय आहे. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. रंगूनहून मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे येणारे लाकूड परदेशी निर्यात म्हणून नव्हे, तर किनारी व्यापार म्हणून नोंदले जाई. हिंदुस्थान हा ब्रह्मी सागाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक असल्याने केवळ परदेशी व्यापाराचे तक्ते पाहणाऱ्यास ब्रह्मदेशाची विक्री प्रत्यक्षाहून बरीच कमी वाटते आणि १९३७ नंतर ती एकाएकी वाढल्यासारखी दिसते. वाढला होता तो केवळ नोंदीचा रकाना.

तिसरे, मोजण्याची रीत. ब्रह्मदेशात ओंडका 'हॉपस टना'त मोजतात. या पद्धतीत घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात व त्यास लांबीने गुणतात. भारतातील वखारींतही ओंडके या चौथाई घेराच्या हिशेबाने मोजण्याची पद्धत रूढ आहे. १.८ मीटर घेराचा व ५ मीटर लांबीचा ओंडका या हिशेबाने सुमारे १.०१ घनमीटर भरतो. त्याचे भूमितीय घनफळ मात्र सुमारे १.२९ घनमीटर असते. कापणीतील घट गृहीत धरून बांधलेला हा हिशेब प्रत्यक्ष घनफळाच्या ७८.५ टक्केच दाखवितो. ५० घनफुटांचा एक टन हा सामान्य हिशेबाने १.४२ घनमीटर, पण हॉपस हिशेबाने १.८ घनमीटर होतो. एका देशाचा टन व दुसऱ्याचा घनमीटर जुळविताना हा भेद ध्यानात न घेतल्यास चौथा हिस्सा कागदावरच नाहीसा होतो. त्यात ओंडके व कापीव लाकूड एकत्र धरले असेल तर तुलनेस अर्थ उरत नाही.

युद्धोत्तर काळ

१९४२ ते १९४५ या जपानी ताब्याच्या काळात ब्रह्मदेशातील गिरण्या, हत्ती व नदीवाहतूक यांची मोठी हानी झाली. ४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला व त्याच वर्षी शासकीय लाकूड मंडळ स्थापन झाले. परंतु पेगू योमासारखी उत्तम सागवने बंडखोरांच्या हालचालींची क्षेत्रे बनली. तोड घटली व युद्धपूर्व पातळी त्यानंतरच्या दोन दशकांत गाठता आली नाही. या अशांततेने अनेक वने वाचविली, हेही नमूद केले पाहिजे.

थायलंडमध्ये १९४७ साली शासकीय वनोद्योग संघटना निघाली व १९५० च्या दशकात परदेशी कंपन्यांचे पट्टे संपले. तेथे शांतता होती, रस्ते होत होते, शेती पसरत होती. १९६१ साली देशाच्या सुमारे ५३ टक्के भूमीवर वन होते. १९८८ पर्यंत ते २८ टक्क्यांवर आले. सागाचा पूर्वीचा निर्यातदार १९७० च्या दशकातच लाकडाचा आयातदार बनू लागला होता.

१९८९ ची तोडबंदी व तिचे परिणाम

नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमधील नाखोन सी थम्मारात प्रांतात अतिवृष्टी होऊन डोंगरउतार कोसळले. चिखलाबरोबर हजारो ओंडके गावांवर आले व तीनशेहून अधिक माणसे दगावली. लोकक्षोभ इतका झाला की जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक वनांतील तोडीचे सर्व पट्टे रद्द केले. हा निर्णय जगातील अशा पहिल्या निर्णयांपैकी एक मानला जातो. ज्या उतारांवर ही आपत्ती ओढवली ते सागाचे क्षेत्र नव्हते. साग उत्तरेकडे होतो; दक्षिणेतील त्या उतारांपैकी पुष्कळ वन काढून रबरलागवडीखाली आणलेले होते.

गिरण्या होत्या, कारागीर होते, गिऱ्हाईक होते. लाकूड तेवढे नव्हते. ते शेजारून आले. डिसेंबर १९८८ मध्ये, म्हणजे तोडबंदीच्या काही आठवडे आधी, थायलंडचे सेनाप्रमुख जनरल चावलित यांनी रंगूनला भेट दिली होती. त्या वर्षीच्या लोकशाही आंदोलनानंतर सत्ता हाती घेतलेल्या ब्रह्मी लष्कराला परकीय चलनाची निकड होती. सीमेलगतच्या वनांचे पट्टे थाई कंपन्यांना देण्यात आले व ते १९९३ च्या अखेरीपर्यंत चालले. कारेन, मोन व शान भागांतील साग रस्त्याने थायलंडात गेला. सालवीनच्या काळात सयामचा साग ब्रह्मदेशाच्या नावावर चढत होता. आता ब्रह्मदेशाचा साग थाई गिरणीत कापला जाऊन थाई मालाच्या नावाने परदेशी जाऊ लागला. सीमेवर नोंद न झालेले लाकूड किती, याचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नाही. थायलंडच्या तोडबंदीचे मूल्यमापन करताना त्या देशातील वाचलेल्या वनाबरोबर सीमेपलीकडील तुटलेले वनही मोजावे लागते.

म्यानमारची निर्यातबंदी

पट्टे संपल्यावरही म्यानमारची तोड कमी झाली नाही. रंगूनहून समुद्रमार्गे भारताकडे आणि काचिन भागातून खुष्कीच्या मार्गाने चीनकडे लाकूड जात राहिले. सागाबरोबर पिंकाडो (जांभ्याची ब्रह्मी जात, रेल्वेच्या स्लीपरांसाठी प्रसिद्ध), पडौक (आपल्या बिबळ्याच्या कुळातील) व प्लायवूडच्या वरच्या थरासाठी लागणारा गर्जन यांना मागणी होती. अन्न व कृषी संघटनेच्या २०१५ च्या अहवालात २०१० ते २०१५ या काळात दरवर्षी सुमारे ५.४६ लाख हेक्टर वन गमावणारा देश म्हणून म्यानमारचा क्रमांक ब्राझील व इंडोनेशिया यांच्या पाठोपाठ तिसरा लागला.

१ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. कापीव लाकूड व पातळ पापुद्रे यांना ही बंदी नव्हती. त्यामुळे काही भारतीय प्लायवूड उत्पादकांनी म्यानमारमध्येच कारखाने काढले. २०१६ साली एक वर्षासाठी देशभर, तर बागो (पेगू) योमामध्ये दहा वर्षांसाठी तोड थांबविण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठावानंतर अमेरिकेने एप्रिलमध्ये व युरोपीय संघाने जूनमध्ये 'म्यानमा टिंबर एंटरप्राइज' या शासकीय संस्थेवर निर्बंध घातले. म्यानमारच्या सागाचा कायदेशीर व्यापार याच संस्थेच्या हातून होत असल्याने पाश्चात्त्य बाजाराची अधिकृत वाट जवळजवळ बंद झाली.

रबराचे लाकूड व बदललेला क्रम

रबराच्या झाडाचा चीक साधारण २५ ते ३० वर्षांनी आटतो व झाड काढून नवे लावावे लागते. हे लाकूड पूर्वी सरपणास जाई, कारण कापताच त्यावर बुरशी व कीड पडते. बोरॉनयुक्त क्षारांची प्रक्रिया व भट्टीत वाळवणे या उपायांनी ते फर्निचरयोग्य झाले. नैसर्गिक रबराच्या उत्पादनात थायलंड जगात पहिला असल्याने असे लाकूड तेथे विपुल मिळते. ते नैसर्गिक वनातील नसल्याने १९८९ च्या बंदीच्या कक्षेतही येत नाही. आज थायलंड हा चीनला उष्णकटिबंधीय कापीव कठीण लाकूड पुरविणारा सर्वांत मोठा देश आहे व त्यात जवळजवळ सर्व लाकूड रबराचे असते.

थायलंडमध्ये सागाची लागवडही जुनी आहे. फ्रे प्रांतात ती १९०६ साली सुरू झाली. परंतु १९४१ च्या वनकायद्यानुसार खासगी जमिनीवरील सागही परवानगीवाचून तोडता येत नसे, त्यामुळे शेतकरी तो लावण्यास फारसे धजत नव्हते. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन स्वतःच्या जमिनीवरील झाडे तोडण्याची मोकळीक मिळाली. तिचा निर्यातीवरील परिणाम दिसण्यास सागाच्या वाढीइतकाच अवधी लागेल.

महाराष्ट्रातील बाजार

महाराष्ट्रात साग चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, मेळघाट तसेच ठाणे-पालघर व नंदुरबारच्या वनांत होतो. पर्जन्यछायेतील प्रदेशात तो नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील कर्जत, मिरजगाव, जामखेड या भागात जुन्या माळवदी घरांना बाभूळ व लिंब हेच हाताशी असलेले लाकूड होते. सागाची तुळई, चौकट किंवा कडीपाट म्हणजे बाहेरून विकत आणलेली वस्तू, आणि म्हणून ऐपतीची खूण. वखारीत आजही सागाची प्रत गावाच्या किंवा देशाच्या नावाने सांगतात. मध्य प्रांताच्या जुन्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेला 'सीपी टीक', बल्लारपूरच्या आगारातील 'बल्लारशा' आणि सर्वांवर 'बर्मा टीक'. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरचा साग पाठविण्यात आला होता.

भारत हा सागाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार आहे. म्यानमारची बंदी आल्यापासून न्हावाशेवा, कांडला व तुतिकोरीन या बंदरांत उतरणारा साग मुख्यत्वे आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लागवडीचा असतो. घाना, टांझानिया, इक्वेडोर, पनामा, कोस्टारिका ही त्यांतील काही नावे. हा साग कोवळा असतो. त्यात रसकाष्ठ अधिक व तेल कमी असल्याने ब्रह्मी सागाचा टिकाऊपणा त्याच्याकडून अपेक्षिता येत नाही. 'बर्मा टीक' हे नाव मात्र दुकानाच्या पाट्यांवर कायम आहे. त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या सर्वच मालाचा ब्रह्मदेशाशी संबंध असतो असे नाही. खरेदीदाराने नावापेक्षा ओंडक्याच्या छेदातील वर्तुळांची दाटी व अंतःकाष्ठाचे प्रमाण पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.